चौथ्या मजल्याचा पाठिंबा

४ फेब्रुवारी

चि. प्रोफेसर यांस,

आशीर्वाद हवे तेवढे घे, पण आधी हे पत्र नीट वाच. घरात फोन असताना ताई पत्र का लिहिते म्हणशील, तर फोन आहे आईच्या उशाशी, आणि तिचे गुडघे गेलेत, कान नाहीत. मी "हॅलो" म्हटलं की ती डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेते आणि एक शब्द सोडत नाही. म्हणून चष्म्याच्या दुकानात बसून लिहितेय. समोर एक गृहस्थ एकामागून एक फ्रेमा नाकावर चढवून आरशात स्वतःवर खूश होतायत. त्यांचं आटपेपर्यंत माझं होईल.

तर आई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती जी चौथ्या मजल्यावर आली ती आलीच. खाली उतरलेली नाही. धरून उतरवायला गेलं तर तिसऱ्या मजल्याच्या वळणावर रडकुंडीला येते, आणि आई रडकुंडीला आली की मला काही सुचत नाही. दिवसभर गॅलरीत बसून खालून जाणाऱ्यांची डोकी बघते. परवा म्हणाली, "आता मी माणसं टाळूवरूनच ओळखते. पहिल्या मजल्यावरच्या रंगवाल्याला टक्कल पडतंय. त्याला अजून माहीत नसेल." मी खूप हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता कामाचं. इमारतीच्या सोसायटीकडे एकाच मोठ्या कामापुरती शिल्लक आहे. एकतर लिफ्ट, नाहीतर बाहेरून रंग. काय करायचं ते अध्यक्ष ठरवणार, असा नियम. रंगकाका वर्षानुवर्षं अध्यक्ष आहेत आणि त्यांचं रंगाचं दुकान आहे, तेव्हा त्यांना काय हवंय हे वेगळं सांगायला नको. त्यांच्याविरुद्ध या वेळी दोघं उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या कवायतीच्या निवृत्त मास्तरीणबाई, त्यांना लिफ्ट इमारतीच्या पुढे हवी. आणि त्यांच्या समोरच्या दारातला इंजिनियर, त्याला ती मागेच हवी. त्या दोघांत विस्तव जात नाही. कधीकाळी कोणाची तरी ओली चादर कोणाच्या तरी वर्तमानपत्रावर गळली होती म्हणे.

काल मतदान झालं. दोघा लिफ्टवाल्यांची मतं एकत्र केली तर अर्ध्याहून जास्त. आणि निवडून कोण आलं? रंगकाका! मी म्हटलं, हे कसं काय? तर म्हणाले, "ताई, एकट्याला सगळ्यांत जास्त मतं कोणाला आहेत? मला." आणि पेन खिशाला लावून चालते झाले. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

तू हेच शिकवतोस ना पोरांना? मग सांग, जास्त लोकांना लिफ्ट हवी असताना रंग कसा निवडून येतो? भाषण नको, उपाय हवाय.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, म्हणजे मनातल्या मनात. कंबर धरली आहे.

तुझं पत्र वाचून मी टाळ्या वाजवल्या. ताई, तुझ्या जिन्यात जे घडलं त्यावर जगभर ग्रंथ लिहिले गेलेत! याला मतविभागणी म्हणतात. एका बाजूचे दोन उमेदवार उभे राहतात, एकमेकांची मतं खातात आणि तिसरा अलगद खुर्चीवर जाऊन बसतो. देशच्या देश असे चालतात. निम्म्याहून जास्त लोकांना नको असलेली सरकारं पाच-पाच वर्षं राज्य करतात, आणि लोकांना वाटतं, आपलंच नशीब फुटकं. नशीब नाही, पद्धत फुटकी!

(पुढची तीन पानं मी तुझ्यावर दया करून फाडली आहेत.)

उपाय सोपा आहे. नुसती एक फुली मारायची नाही. प्रत्येकानं सगळ्या उमेदवारांना क्रम द्यायचा. पहिल्याला सगळ्यांत जास्त गुण, दुसऱ्याला त्याहून कमी, असं करत शेवटच्याला सगळ्यांत कमी. गुणांची बेरीज करायची. पुढच्या लिफ्टवाले मागच्या लिफ्टला दुसरा क्रम देतील, मागचे पुढच्यांना देतील, आणि रंगकाका घरी बसतील. तू फेरमतदान मागून घे.

मला यायला फार आवडलं असतं, पण पुस्तकाचं सातवं प्रकरण गळ्याशी आलं आहे. आईला नमस्कार सांग. तिच्या गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा भाऊ


३ मार्च

चि. प्रोफेसर,

शेक देते. तू सांगायच्या आधीपासून देते.

फेरमतदान मिळालं. त्यासाठी घरोघर सह्या गोळा करायची तयारी केली होती, पण रंगकाकांनीच छाती पुढे काढून सांगितलं, "शंभर वेळा घ्या! माझ्यावर बालंट नको." माणूस रंग फासतो, पण मनाचा सरळ आहे.

मी सगळ्यांना तुझी क्रमाची पद्धत समजावली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे घड्याळवाले आजोबाही उभे राहिले. म्हणजे ते उभे राहिले नाहीत, कोणीतरी विचारलं, "तुम्हीही राहता का?" आणि त्यांनी मान डोलावली. ते घड्याळ दुरुस्त करताना सतत मान डोलावतात, हे आपल्याला माहीत आहे. ज्यानं नाव लिहून घेतलं तो नवीन भाडेकरू, त्याला कुठून माहीत असणार!

आता ऐक. मास्तरीणबाईंच्या माणसांनी पहिला क्रम बाईंना दिला आणि इंजिनियरला मुद्दाम शेवटचा. इंजिनियरच्या माणसांनी बरोबर उलटं केलं. म्हणजे यांना लिफ्ट हवी, पण त्याहून जास्त समोरच्याचं नाक कापलेलं हवं! रंगवाल्यांना दोघंही नकोत. मग दुसरा क्रम कोणाला द्यायचा? ज्यानं कधी कोणाचं वाकडं केलं नाही त्याला. बेरीज केली आणि घड्याळवाले आजोबा अध्यक्ष झाले!

निकाल सांगायला गेलो तर ते डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात शिरले होते. म्हणाले, "ठीक आहे, शनिवारी घेऊन जा." आम्ही विचारलं, लिफ्ट की रंग? म्हणाले, "बघू." मास्तरीणबाईंनी कडक आवाजात विचारलं. बघू. इंजिनियरनं नकाशा दाखवला. बघू. शेवटी लोकांच्या फेऱ्यांना कंटाळून त्यांनी दारावर पाटी लावली, "अध्यक्ष कामात आहेत", आणि आता नवीन अध्यक्ष येईपर्यंत नाइलाजानं पदावर आहेत. अशी तुझी पद्धत. सबंध इमारतीला कोणालाच नको असलेला नव्हे, कोणालाच फारसा हवा नसलेला माणूस मिळाला.

आईचं मत पडलंच नाही. मतपेटी तळमजल्यावर मीटरच्या खोलीत ठेवतात. समोरच्या आजी-आजोबांचंही तेच. चौथ्या मजल्यावरून खाली गेलो ते मी आणि तुझे भावजी.

आता पुढे काय?

ताई


१० मार्च

ती. ताई,

अप्रतिम! तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं (नावगाव वगळून). मुलं पहिल्यांदाच माझ्या तासाला जागी होती. सातव्या प्रकरणात घड्याळवाल्या आजोबांना एक तळटीप देतोय.

दोष पद्धतीचा नाही, खुर्चीचा आहे. एकच खुर्ची ठेवली की भांडण होणारच. जिंकेल त्याला सगळं, हरेल त्याला काही नाही. म्हणून अध्यक्षाच्या हातातला निर्णय काढा आणि पाच जणांची समिती नेमा. लोकांनी माणसाला नव्हे, पक्षाला मत द्यायचं. ज्या पक्षाला जितकी मतं, त्या प्रमाणात त्याला जागा. मग कोणाचंच मत वाया जात नाही. पुढची लिफ्टवाले येतील, मागची लिफ्टवाले येतील, दोघांचे मिळून तीन जण होतील आणि समितीत लिफ्ट मंजूर. समोरासमोर बसले की माणसं आपोआप तडजोड करायला शिकतात, असा जगाचा अनुभव आहे.

नियम सोबतच्या पाच पानांत लिहिले आहेत. शेवटचं पान महत्त्वाचं.

आईला नमस्कार. औषधं वेळेवर घेते ना?

भाऊ


२९ मार्च

चि. विद्वान,

पाच पानांत तू जागांचं गणित मांडलंस, बेरजा मांडल्यास, खाली रेघा ओढल्यास. पण आदल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की आईचं मत पडत नाही. त्यावर एक ओळ? नाही. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप चाललाय तिला मत देता येत नाही, आणि तू म्हणतोस कोणाचंच मत वाया जात नाही! मला तुझा इतका राग आला की एका गिऱ्हाइकाला चुकीच्या नंबरचा चष्मा दिला. तो बिचारा दाराऐवजी काचेच्या कपाटाकडे गेला.

म्हणून या वेळी मी माझं डोकं चालवलं. सभेत उभी राहिले आणि म्हटलं, "माणसं पेटीपर्यंत येऊ शकत नसतील तर पेटीनं माणसांपर्यंत जावं. पेटी प्रत्येक मजल्यावर फिरवा." केवढा गलका झाला! रंगकाका म्हणाले, मतदान मीटरच्या खोलीतच होत आलंय. मी म्हटलं, होत आलं असेल, पण त्या खोलीला पाय नाहीत, आणि माझ्या आईलाही सध्या नाहीत. तुमच्या पेटीला निदान दोन कड्या आहेत. लोक अध्यक्षांकडे बघायला लागले. घड्याळवाले आजोबा म्हणाले, "बघू." मास्तरीणबाईंनी ताबडतोब "अध्यक्षांची संमती" असं इतिवृत्तात लिहून टाकलं. बाई मुरलेल्या आहेत.

समितीचा तुझा नियमही मंजूर झाला, आणि झाले पक्ष! पुढची लिफ्ट, मागची लिफ्ट, रंग आघाडी. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, आम्ही लिफ्टमध्ये बसून जायचं कुठे? त्या रंग आघाडीत गेल्या. जिन्यात माणसं एकमेकांना ओलांडताना आता चिन्हं दाखवतात. आणि सगळ्यांत कळस म्हणजे तुझे भावजी! त्यांचा आणि राजकारणाचा संबंध शब्दकोड्यापुरता. पण इंजिनियर त्यांना जुन्या शब्दकोड्यांचे गठ्ठे देतो, म्हणून ते मागच्या लिफ्टमध्ये सामील झाले. मी पुढच्या. आमच्यात चार दिवस मीठ मागण्यापुरतं बोलणं आहे.

आई सगळं ऐकत होती. काल शांतपणे म्हणाली, "या पक्षांत आमचा मजला कुठे आहे?" मी म्हटलं, आई, पुढची लिफ्ट तुझ्यासाठीच तर आहे. म्हणाली, "माझ्यासाठी आहे, पण मला कोणी विचारलं?" आणि समोरच्या आजी-आजोबांना बोलावून तिनं वरचा मजला पक्ष काढला! उमेदवार ती स्वतः. चिन्ह म्हणून काठी.

आणि ही पत्रं ती वाचते. माझ्या पिशवीतून काढून वाचते आणि तशीच घडी घालून ठेवते. मला म्हणाली, "त्याला सांग, बारीक लिहू नको."

ताई


५ एप्रिल (तातडीचं कार्ड)

ताई, आईला उमेदवारी मागे घ्यायला सांग. लिफ्टची मतं आता तीन ठिकाणी फुटणार. हे आत्मघातकी आहे! सविस्तर मागाहून. (पेटी फिरवण्याचं मी सुचवणारच होतो.)


२५ एप्रिल

चि. सुचवणारच-होतो यांस,

तुझं कार्ड आईनंच पोस्टमनकडून घेतलं. पोस्टमन हल्ली वरपर्यंत येतो, का ते पुढे कळेल. तिनं वाचलं आणि "हो का?" म्हणून आरशामागे खोचून ठेवलं.

मतदान झालं. पेटी वर कोणी न्यायची यावर कोणाचा कोणावर विश्वास नाही, म्हणून रंगकाकांनीच ती छातीशी धरली. मागोमाग सगळे पक्ष. पहिला मजला झोकात, दुसरा बरा, तिसऱ्यावर त्यांनी पेटी खाली ठेवून कठड्याला टेकून घेतलं. चौथ्यावर आले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. आईनं त्यांना आधी पाणी दिलं, मग खुर्ची दिली, आणि मग मत दिलं. ऑपरेशननंतर तिला पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी विचारलं होतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

निकाल ऐक. रंग आघाडी दोन, पुढची लिफ्ट एक, मागची लिफ्ट एक, वरचा मजला एक. म्हणजे आई! रंगाचे दोन, लिफ्टचे दोन, आणि आई ज्या पारड्यात बसेल ते पारडं जड.

मी म्हटलं, चला, झालं. आई लिफ्टला पाठिंबा देणार, अजून काय हवं? घरी येऊन पेढे, म्हणजे खरं तर बिस्किटं वाटली. तर आई म्हणते, "विचार करते."

अरे, विचार कसला! तिला पुढची हवी तर पुढची घे, मागची हवी तर मागची घे. पण नाही. आता रोज दुपारी आमच्याकडे दरबार भरतो. आईचा पाठिंबा मागायला यायचं म्हणजे चार मजले चढायलाच हवेत, आणि ती फोनवर राजकारण बोलत नाही म्हणे! मास्तरीणबाई सकाळी येऊन तिच्याकडून गुडघ्यांची कवायत करून घेतात. इंजिनियर नकाशे पसरतो आणि तिला तेच तेच पुन्हा समजावतो. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन तिची कवळी घासून नीट बसवून दिली, एरवी त्यांची वेळ मिळत नाही. रंगकाका रंगांच्या नमुन्यांची पत्रिका घेऊन येतात आणि दोघं मिळून अख्खी दुपार निळा की पिवळा करत बसतात. पोस्टमनलाही कळलंय की इथे चहा मिळतो. आई ठेवणीतले कपडे घालते, केस विंचरून बसते आणि सगळ्यांना एकच सांगते, "तुमचं म्हणणं पटतंय मला. उद्या या."

माझीच आई, आणि माझ्याच तोंडाला पानं पुसते! तुझे भावजी आणि मी पुन्हा बोलायला लागलो, पण तेवढ्याचपुरतं: ही काय करतेय?

तूच लिही तिला. तुझं ऐकेल.

ताई


३ मे

ती. आईस,

तुझ्या पाया पडून तुझ्यावर रागावतो आहे.

आई, तू किती जबाबदारीच्या जागी आहेस हे तुला कळतंय का? बहुमत कोणाचंच नाही, आणि सत्तेची किल्ली तुझ्या हातात. अशा वेळी लहान पक्षानं लवकर निर्णय घ्यायचा असतो, नाहीतर समिती कोसळते आणि फेरनिवडणूक होते. इतिहासात असे छोटे पक्ष होऊन गेलेत. मोठ्यांना खेळवत राहिले, आणि शेवटी लोकांनी त्यांनाच घरी बसवलं. (तू घरीच बसलेली आहेस हे मला माहीत आहे. माझा मुद्दा तो नाही.)

तुला लिफ्ट हवी आहे. लिफ्टवाले तुझ्या दारात उभे आहेत. मग तू "हो" का म्हणत नाहीस? माझ्या सातही प्रकरणांत याचं उत्तर नाही. ताई रडकुंडीला आली आहे. मोठ्या अक्षरात लिहिलंय, वाच आणि निर्णय घे.

तुझा मुलगा


१६ मे

चि. बाळास, तुझ्या आईकडून, जशी आठवण येते तसे आशीर्वाद.

अक्षर मोठं काढलंस, बरं वाटलं. लहानपणी मारूनही काढत नव्हतास.

तू विचारलंस, मी "हो" का म्हणत नाही. तुझ्या पुस्तकात नाही कारण तुझ्या पुस्तकात दुपार नाही. सकाळी ताई दुकानात जाते, जावई ऑफिसला जातात. मग मी, फोन आणि समोरची भिंत. फोन तुझा येतो, पण तू विचारतोस ते औषधांचं. मी म्हणते घेतली, की संपलं बोलणं. समोरच्या आजींना ऐकू येत नाही आणि आजोबा दिवसभर झोपतात. इतके दिवस मी या मजल्यावर पडून होते, पण खालच्या एकानं वर येऊन विचारलं नाही, की बाई, जिवंत आहात का. वाईट नाहीत रे ते. चार मजले कोण चढणार?

आणि मग मला एक जागा मिळाली आणि सगळे चढायला लागले! रंगवाला धापा टाकत येतो, डॉक्टरीण येते, मास्तरीण मला "पाय उचला, एक, दोन" म्हणून दरडावते. मला हसू येतं. या महिन्यात मी जेवढी हसले तेवढी तुझे वडील गेल्यापासून हसले नव्हते. मला भीती वाटली. एकदा "हो" म्हटलं की यांचं काम झालं. मग कोण येतंय वर? निवडून आल्यावर जसे तुमचे मोठे लोक दिसत नाहीत, तसे हे दिसणार नाहीत. म्हणून मी "उद्या या" म्हणत होते. चूक होती, मला कळत होतं. पण गोड होती.

मग परवा काय झालं, रंगवाला येऊन बसला आणि पत्रिका उघडेचना. म्हणाला, "आजी, खरं सांगू? रोज चढून माझेच गुडघे बोलायला लागलेत. तुम्ही इथे कशा अडकून पडला असाल हे मला खाली बसून कळलंच नाही." मी त्याला म्हटलं, तुला टक्कलही पडतंय, तेही तुला कळलेलं नाही. तो डोक्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवायला लागला, मला दया आली.

त्याच दिवशी मी सगळ्यांना वर बोलावलं आणि आघाडी केली. माझ्या अटी अशा. लिफ्ट मागच्या बाजूला, कारण पुढे केली तर माझ्या गॅलरीसमोर खांब येतो. मास्तरीणबाई रुसल्या, म्हणून लिफ्टच्या आतलं सगळं त्या ठरवणार: आरसा, दिवा, कोणी कुठे उभं राहायचं. पुढच्या शिल्लकीतून रंग, आणि तो पिवळा. अध्यक्ष पुन्हा रंगवालाच होणार. हो, डोळे वटारू नकोस. त्याला खुर्ची हवी होती, आम्हाला लिफ्ट. ज्याला जे हवं ते दिलं की माणूस दुसऱ्याचं काम मन लावून करतो. घड्याळवाल्यांना मोकळं केलं, त्यांनी आनंदानं मान डोलावली.

आणि शेवटची अट: समितीची बैठक दर महिन्याला माझ्या खोलीत. लिफ्ट झाल्यावरसुद्धा. सगळ्यांनी सही केली. इंजिनियर म्हणाला, "आजी, सही नसती घेतली तरी आलो असतो." मला ते खरं वाटलं, पण सही घेतली.

ताईला हे मी सांगितलेलं नाही, दुपारचं वगैरे. तिला वाटेल ती दुकानात जाते म्हणून मी एकटी पडते, आणि ती उगाच मनाला लावून घेईल. तू तिला बोलू नकोस.

आई


२३ मे

ती. आई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आघाडी उत्तम केलीस, एवढंच म्हणतो. अध्यक्षपद विरोधकाला देऊन काम आपलं करून घेणं मला वर्गात समजावायला दोन तास लागतात.

दुपारी फोन करत जाईन. औषधांचं विचारणार नाही.

तुझा
बाळ


१४ सप्टेंबर

चि. बाळास,

तू दुपारी फोन करतोस. पहिल्या दिवशी औषधांऐवजी हवेबद्दल विचारलंस, दुसऱ्या दिवशीही हवेबद्दलच. आता जरा सुधारला आहेस. परवा तुझ्या कॉलेजच्या मुख्य बाईंची नक्कल केलीस, ती झकास होती.

लिफ्ट झाली. काल सुरू केली. पहिल्यांदा कोणी बसायचं यावर तळमजल्यावर पुन्हा वाद! मास्तरीणबाई म्हणाल्या अध्यक्ष, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ज्येष्ठ, इंजिनियर म्हणाला आधी रिकामी चालवून बघू. कोणीतरी मतदान घ्या म्हणालं, तेव्हा ताई इतकी ओरडली की सगळे गप्प झाले. मग रंगवाला लिफ्टनं वर आला, मला हात दिला आणि म्हणाला, "चला." म्हणजे पहिला तोच बसला, हे तिथे कोणाच्या लक्षात आलं नाही. माणूस राजकारणातलाच.

दार बंद झालं तेव्हा मी डोळे मिटले. तिसऱ्याचं वळण कधी गेलं कळलं नाही. दार उघडलं तर समोर सगळी माणसं उभी, आणि मला त्यांचे चेहरे दिसत होते. इतके दिवस या दाराशी वरून नुसती डोकी दिसायची. तो नवीन भाडेकरू केवढा देखणा आहे! ताईनं माझा दंड धरला होता, ती रडत होती आणि जावई तिला रुमाल देत होते, म्हणजे त्यांची युती टिकली.

मी रस्त्यावर गेले. कोपऱ्यापर्यंत. काठी होती, पण काठीवर भार टाकला नाही. कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान जाऊन तिथे केशकर्तनालय झालंय, कोणी मला सांगितलंच नव्हतं. बाकावर बसले. एका अनोळखी माणसानं मला वेळ विचारली. मला विचारली, बाळ! जणू मी रोज तिथे बसते. मी घरी परतले तेव्हा पाय दुखत होते आणि मला त्याचं इतकं सुख वाटलं की ताईला खोटंच सांगितलं, दुखत नाहीत.

बैठक महिन्यातून एकदा व्हायची ठरली आहे, पण मंडळी आठवड्यातून दोनदा टपकतात. लिफ्ट आहे, मग कोणाला काय. घाबरत होते ते उगाच.

आता तुझं. तू इकडे दोन पद्धती पाठवल्यास, पानांचा ढीग पाठवलास, तुझं डोकं आमच्यासाठी शिणवलंस, मला ठाऊक आहे. त्यातली एक कामाला आलीसुद्धा. पण तू स्वतः आला नाहीस. सातवं प्रकरण होतं, मग आठवं आलं, आता ताई म्हणते परिशिष्ट आहे. मला त्यातलं कळत नाही. मला तुझी आठवण येते, हे मला कळतं. पूर्वी तू यायचास तेव्हा मी गॅलरीतून खाली बघायचे आणि तू रिक्षातून उतरून मान वर करून हात हलवायचास. वर येईपर्यंत मला धीर धरवायचा नाही.

या वेळी मान वर करू नकोस. गाडीची वेळ कळव. मी खाली दाराशी उभी असेन.

आई